हिराबायचा भुंगा

दिवाळी अंकासाठी लिहा, असा फोन आला तेव्हा मला आधी हसूच आलं. दिवाळी अंकांशी माझा संबंध जुना आहे, पण तो वाचण्याचा कमी आणि फाडण्याचा जास्त. अंकात मधेमधे सराफांच्या आणि साड्यांच्या जाहिरातींची गुळगुळीत पानं असतात ना, ती मी वर्षानुवर्षं अलगद फाडून गादीखाली सपाट करून ठेवत आले. जाहिरातीच्या पाठीमागे कुणाच्या तरी कथेचा शेवट असायचा, तोही जायचा. सासूबाई म्हणायच्या, या घरात एकाही कथेतल्या नायिकेचं लग्न म्हणून लागत नाही. पण माझा इलाज नव्हता. मला त्या पानांवर सर्किट छापायचं असे आणि तसला चकचकीत, शाई न पिणारा कागद दुसरीकडे मिळत नसे.

पनवेलला टपाल नाक्याच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, शटर लावलेली. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला, मग तळोज्याच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर बसले, तो कारखाना बंद पडला आणि मी शटर उघडलं. गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, मेकॅनिक कधी येतील? मी म्हणायची, आलेत, बसा. मग ते बिचारं ओशाळून बसायचं आणि माझ्या हातांकडे असं बघत राहायचं, जशी काही मी टीव्हीला फोडणीच घालणार आहे.

दुरुस्तीत एक अडचण नेहमीची. एखादा पार्ट जळला तर नवा मिळतो, पण बोर्डच गेला तर काय करायचं? कुठलंही यंत्र उघडा, आत एक चपटी पाटी दिसेल, तिलाच आम्ही बोर्ड म्हणतो. एका अंगाला पार्ट बसवलेले आणि दुसऱ्या अंगाला तांब्याच्या बारीक रेषा, या पार्टातली वीज त्या पार्टात नेणाऱ्या. जुन्या यंत्राचा बोर्ड कंपनी देत नाही. ती म्हणते, नवं यंत्र घ्या. मग बोर्ड घरीच करायचा.

कसा, ते सांगते, फार अवघड नाही. एका अंगाला सगळं तांबं चढवलेली कोरी पाटी बाजारात मिळते. तिच्यावर हव्या त्या रेषा ठेवून बाकीचं तांबं काढून टाकायचं, एवढंच काम. रेषांचं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं आणि गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरनं छापायचं. लेझरच पाहिजे, कारण त्याची ती काळी पूड म्हणजे खरं तर प्लॅस्टिक असतं. तो कागद तांब्यावर पालथा घालून कडक इस्त्री दाबली की प्लॅस्टिक वितळून तांब्याला धरतं. मग पाण्यात भिजवून कागद बोटानं चोळून काढायचा. काळ्या रेषा तांब्यावर तशाच राहतात. आता ही पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात हलवत ठेवायची. ते पाणी दिसतं कोऱ्या चहासारखं आणि उघडं तांबं खाऊन टाकतं. काळ्याखाली झाकलेलं तेवढं वाचतं. शेवटी थिनरनं काळं पुसलं की खालून लखलखीत रेषा वर येतात. भोकं पाडा, पार्ट बसवा, झाला बोर्ड. ते काळं पुसून तांबं वर येताना बघायला मला अजून आवडतं, कुणी हसलं तर हसू दे.

इस्त्री अर्थातच घरातली. एकदा तिच्या तळाला थोडं काळं राहिलं आणि आमच्या ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पंख्याच्या रेग्युलेटरचं अर्धं सर्किट उमटलं. हे तसेच बँकेत गेले. तिथे कॅशियरनं विचारलं, साहेब, ही नवीन फॅशन का? फेरिकच्या डागांबद्दल तर बोलूच नका, माझ्या एकाही साडीला धड काठ राहिला नाही. आणि इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन यायची, त्यातला एक पठ्ठ्या घरच्या शाईच्या प्रिंटरवर चित्र छापून घेऊन आला. मी सांगितलं, बाबा रे, ही शाई राहायची नाही. तो ऐकेना. इस्त्री केली, पाण्यात घातलं, कागदाबरोबर सगळी शाई निघून गेली आणि पाटी आंघोळ केल्यासारखी स्वच्छ. त्यानं मला विचारलं, काकू, आता हे कुठे गेलं? मी म्हटलं, मोरीत.

लेझर प्रिंटर माझ्याकडे कधीच नव्हता. तो होता संध्याकडे. तहसील कचेरीजवळ तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, तिथे दिवसभर सातबारा, प्रतिज्ञापत्रं आणि विमानतळाच्या मोबदल्याचे अर्ज. त्या गर्दीत मी साडीची जाहिरात घेऊन उभी राहायची. संध्या कपाळाला हात लावायची, पण माझा कागद कधी मशीनमध्ये अडकला तर स्वतः चिमट्यानं काढायची. फक्त पहिल्या खेपेला तिनं मला चांगलंच गोत्यात आणलं. रबरी शिक्का बघितलाय ना? शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात म्हणून कागदावर सुलटी येतात. माझ्या छपाईचं तसंच. कागदावर उलटं छापलं तर तांब्यावर सुलटं उमटतं. संध्यानं स्क्रीनवर उलटी अक्षरं पाहिली, तिला वाटलं ताईंची गडबड झाली, आणि तिनं प्रेमानं सगळं सरळ करून दिलं. बोर्ड तयार झाला तो डावी चप्पल उजव्या पायात घातल्यासारखा. तेव्हापासून तिनं दुकानात नियमच केला, ताईंचं उलटं ते उलटंच ठेवायचं, कुणी हात लावायचा नाही. या नियमामुळे पुढे काय झालं तेच आज सांगायचं आहे.

एक दिवस दुकानात दोघी आल्या. पुढे वनिता, पन्नाशीची, आणि तिच्यामागे तिची सासू हिराबाय. उंच, काळीसावळी, आगरी पद्धतीचं आखूड लुगडं, आणि गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला. उलव्याच्या बाजूचं त्यांचं गाव विमानतळात गेलं, आता ती मंडळी नव्या वसाहतीत मोठ्ठं घर बांधून राहतात. वनितानं काउंटरवर टॉर्चसारखी एक धातूची नळी ठेवली आणि म्हणाली, "भुंगा बोलत नाय."

मला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. हिराबायला घशाचा आजार झाला, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून ही नळी. बटण दाबून गळ्याला लावायची, तिच्यातून गुणगुण निघते, आपण नुसते ओठ आणि जीभ हलवायची, आणि त्या गुणगुणीचेच शब्द होतात. एका सुरातले, सपाट, पण शब्द. घरातल्यांनी त्या नळीचं नाव ठेवलं भुंगा. बॅटरीचा सेल आतच फुटून पाझरला होता आणि बोर्डावरच्या रेषा हिरव्या पडून कुजून गेल्या होत्या. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, नवीन बाहेरून मागवावं लागेल, महिना तरी लागेल. आणि इकडे वनिताच्या लेकीची, प्राचीची, हळद दोन दिवसांवर.

हिराबाय साधी आजी नव्हती. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी एक बाई गाऊन लावते, त्या गाण्यांना धवला म्हणतात आणि गाणारणीला धवलारीण. भटजी असो नसो, धवलारीण पाहिजे. कारखान्यात माझ्या टेबलावरच्या निम्म्या मुली आगरी, त्यांच्या लग्नांना जाऊन जाऊन धवल्याची चाल मलाही पाठ झाली होती. ऑपरेशननंतर हिराबायचं गाणं गेलं, पण शब्द तिच्याकडेच राहिले. ती भुंगा लावून ओळ सांगायची आणि मागच्या बायका ती चालीवर उचलायच्या. घरातल्या पुरुषांनी सुचवलं, फोनवर जुनं रेकॉर्डिंग आहे ते लावू. पण धवल्यात नवरीचं नाव येतं, आईचं, मामाचं, मांडवात जो उभा असेल त्याचं येतं. दुसरीच्या लग्नातलं रेकॉर्डिंग प्राचीच्या हळदीला लावून कसं चालेल?

वनिता म्हणाली, "ताई, त्या बोलल्या नाय तं मांडवात कोन काय बोलनार? आमी नुसत्या मागं वरडनाऱ्या." हिराबायनं एवढा वेळ माझ्यावरची नजर काढली नव्हती. तिनं नळीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या गळ्यावर ठेवलं, आणि मग माझा हात धरला. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही म्हातारीनं.

उघडून बघितलं तर आत फार काही नव्हतं. एक आयसी, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय असलेली काळी चिप, एक ट्रान्झिस्टर, चार बारीकसारीक पार्ट. आत एक पिटुकला स्क्रूही होता, आवाज जाड की बारीक ते ठरवणारा. कंपनीनं तो पुरुषाच्या आवाजावर लावून दिला होता आणि तो घट्ट गंजलेला. वनिता म्हणाली, फोनवर लोक हिला आजोबा म्हणतात, ही चिडून फोन ठेवते. मग मी ठरवलं, करायचंच आहे तर नीट करू. एका मेलेल्या पॉकेट रेडिओचं आवाजाचं चाक माझ्याकडे पडलं होतं, अंगठ्यानं फिरवायचं. स्क्रूच्या जागी ते बसवलं तर हिराबायला आपल्याला हवा तेवढा आवाज बारीक करून घेता येईल. माझा विचार एवढाच होता.

कुजलेल्या बोर्डाचा फोनवर फोटो काढला, ज्या रेषा नाहीशा झाल्या होत्या त्या मीटर लावून शोधल्या आणि कॉम्प्युटरवर चित्र काढलं. इथे घोळ झाला. एरवी मी चित्र पार्टाच्या बाजूनं काढते, म्हणजे ते आपोआपच उलटं असतं. या वेळी फोटो तांब्याच्या बाजूचा होता, त्यामुळे छापायच्या आधी चित्र आरशात फिरवायला हवं होतं. घाईत ते राहिलं. आणि संध्या? तिनं नियम पाळला. ताईंच्या कामाला हात लावायचा नाही. वर म्हणाली, बघा, काही बदललं नाही हां.

बोर्ड इतका सुरेख उमटला होता की माझी मलाच शाबासकी. आयसी बसवायला घेतला तेव्हा कळलं, अख्खा बोर्ड उलटा झालाय. परत छापायचं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी, संध्या शटर ओढून माहेरी गेलेली, आणि हळद त्याच संध्याकाळी. मग आमच्या धंद्यातला शेवटचा उपाय. आयसीचे पाय उलट्या बाजूला वाकवले आणि तो उताणा बसवला, पाठीवर पडलेल्या झुरळासारखा. ट्रान्झिस्टर फिरवून लावला. सेल घातला, बटण दाबलं आणि भुंगा गुणगुणला. मी देवाला हात जोडले, देवाला मात्र आतलं झुरळ दाखवलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळीच दोघी हजर. हिराबायनं भुंगा गळ्याला लावला. इतक्या दिवसांनी तोंडातून शब्द निघणार, मला वाटलं काहीतरी देवाचं म्हणेल. ती वनिताकडे वळून म्हणाली, "हलद कुटली का?"

वनिता रडायलाच लागली. कुटली, आई, कुटली, म्हणत राहिली. मी हिराबायला चाक दाखवलं, म्हटलं, हे फिरवा, आवाज बारीक होईल, कुणी आजोबा म्हणणार नाही. तिनं अंगठा फिरवला. आवाज खाली गेला, वर आला, परत खाली. ती थांबली. चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून तिनं परत बटण दाबलं आणि अंगठा हळूहळू हलवत धवल्याची अर्धी ओळ म्हटली. म्हटली म्हणजे गायली. घोगरं, कापरं, भुंग्याचंच, पण चालीत. ऑपरेशननंतर तिच्या गळ्यातून चाल पहिल्यांदा निघत होती. मी आवाज बारीक करायला चाक दिलं होतं, आणि म्हातारीनं त्यातून गाणं काढलं.

पण माझं लक्ष अंगठ्याकडे होतं. बोर्ड उलटा, म्हणून चाकही उलटं झालं होतं. वर ढकललं की आवाज खाली, खाली ओढलं की वर. मी लगेच सांगितलं, हिराबाय, हे उलटं झालंय, माझी चूक आहे, थोडं बसा, एक तार कापून दुसरीकडे जोडते, सरळ होईल. तिनं भुंगा छातीशी धरला. इतके दिवस मुकी राहिलेली बाई, ती कशाला सोडते. "नाय," ती म्हणाली, "आता नाय देनार."

संध्याकाळी मी हळदीला गेले. रस्त्यावर ट्रकभर स्पीकर लावलेला डीजे, मांडवात रोषणाई, वरून विमान गेलं तरी ऐकू येऊ नये असा दणका. हिराबाय पाटाजवळ येऊन उभी राहिली, तिनं नुसता हात वर केला आणि डीजे बंद झाला. प्राची पाटावर बसली. हिराबायनं रुमाल सरकवला, भुंगा लावला. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला धवल्याची चाल वर चढते. जन्मभराची सवय, चाल वर म्हणजे अंगठाही वर. अंगठा वर गेला आणि आवाज खाली उतरला.

मी पदर तोंडाला लावला. वाटलं, आता बायका हसणार, प्राचीच्या हळदीत माझ्या हातून विघ्न आलं. हिराबायच्याही लक्षात आलं होतं, तिचा चेहरा क्षणभर बावरला. तेवढ्यात मागून वनितानं ओळ उचलली आणि तीही खालीच उतरली, सासूच्या आवाजाला धरून. तिच्यामागे बाकीच्या. हिराबाय थांबली नाही. प्राचीचं नाव आलं, वनिताचं आलं, मामाचं आलं, आणि दर दुसऱ्या ओळीला सगळा मांडव खाली उतरत राहिला. प्राचीच्या गालावरची हळद डोळ्यांतल्या पाण्यानं ओघळली. मीही रडले, लपवून काय करायचंय.

पुढे हिराबाय माझ्याकडे यायची ती फक्त सेल बदलायला. दर वेळी मी म्हणायची, चाक सुलटं करून देते. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो बाय." वसाहतीतली बरीच लग्नं तिनं त्या भुंग्यावर लावली. मग एका पावसाळ्यात ती गेली.

मीही दुकान बंद केलं. आता बोर्ड घरी कोण करतं? कॉम्प्युटरवरून चित्र पाठवलं की थेट चीनमधून हिरवेगार, देखणे बोर्ड घरपोच येतात. एकही उलटा येत नाही. पोरांचं काम सोपं झालं, चांगलंच झालं. तरी कधी इस्त्री करताना गरम कागदाचा वास आला तर हात क्षणभर रेंगाळतो. संध्यानं तो जुना प्रिंटर भंगारात दिला तेव्हा मला आधी विचारलंसुद्धा नाही, त्याचा राग मला अजून आहे.

या वर्षी त्या वसाहतीत वनिताच्या पुतणीची हळद होती. मला आवर्जून बोलावणं. वनिता आता धवलारीण आहे, सासूचे सगळे शब्द तिनं उचलले आहेत. ती गायला लागली. काय खणखणीत गळा! दुसरी ओळ आली, आणि वनिता खाली उतरली. मागच्या बायका उतरल्या. त्यांच्यातल्या कॉलेजातल्या मुली, ज्यांनी हिराबायला धड पाहिलंही नसेल, त्याही उतरल्या. त्यांना कुणाला वाटतही नव्हतं की इथे कधी चढण होती. माझ्या एका विसरलेल्या आरशापायी गावाच्या गाण्याची वाट बदलली होती, आणि त्या मांडवात हे फक्त मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं.

मला राहवेना. हळद लावणं चाललं होतं तेव्हा मी वनिताला बाजूला घेतलं. म्हटलं, वनिता, ती ओळ खाली नाही गं, वर जाते. ते चाक उलटं होतं म्हणून तसं झालं. तुझ्याकडे तर आता गळा आहे, तू वर जा, पोरींनाही सरळ शिकव.

वनितानं हळदीचे हात पदराला पुसले.

"चढतीच व्हती, ताई. मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन मी वर गेली ना, तं म्हातारी मला आयकू येत नाय."

मग कुणीतरी तिला हाक मारली आणि ती पाटाजवळ गेली. पुढचा धवला सुरू झाला. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला सगळ्याजणी खाली उतरल्या, आणि मीही त्यांच्याबरोबर उतरले.